ब्रिटनी (फ्रान्स) पायी : कस्टमवाल्यांची वाट, भरतीचा हिशोब आणि काळे घावन

शेंगदाणेवाली

नमस्कार मंडळी. लिहिते लिहिते करत दोन महिने गेले, तळपायावरचे फोड पण बरे झाले, आता नाही लिहिलं तर राहूनच जाईल म्हणून बसलेच आज.

आधी एक खुलासा, कारण घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तो तीनदा करावा लागला. ब्रिटन नाही, ब्रिटनी. फ्रान्सच्या नकाशात डावीकडे अटलांटिकमधे घुसलेलं नाक दिसतं ना, ते. फ्रेंच लोक ब्रेतान्य म्हणतात, आणि तिथली जुनी भाषा आहे तिच्यात ब्रेझ. ही भाषा फ्रेंचच्या घरातली नाहीच, वेल्शची चुलत बहीण, समुद्रापलीकडून आलेल्या माणसांबरोबर दीड हजार वर्षांपूर्वी आलेली. आम्ही दोघं नेदरलँड्समधे राहतो, जिथे टेकडी बघायला पण गाडी काढावी लागते, त्यामुळे जूनमधे नऊ दिवस नुसतं चालायचं असं ठरवलं तेव्हा ऑफिसमधे सगळ्यांनी आमच्याकडे दयेने बघितलं.

तर तिथे पूर्ण किनाऱ्याने एक पायवाट आहे, नाव जीआर ३४. नाव ऐकून मंत्रालयातून निघालाय असं वाटतं पण नाही, फ्रान्समधे लांब पल्ल्याच्या सगळ्या वाटांना जीआर म्हणतात. मों-सां-मिशेलपासून सां-नाझेरपर्यंत दोन हजार किलोमीटरच्या वर आहे. पांढरा पट्टा आणि त्याखाली लाल पट्टा दिसला की वाट बरोबर, त्याच दोन रंगांची फुली दिसली की मागे फिरा. इतकंच शिकायचं, बाकी डोकं बंद ठेवलं तरी चालतं.

वाट मुळात कस्टमवाल्यांची. राज्यक्रांतीनंतर १७९१ मधे किनाऱ्यावर पहारा बसवला, इंग्लंडकडून चोरून येणारा तंबाखू, चहा, कापड पकडायला, आणि शिपाई रात्रंदिवस कड्याच्या काठाने फिरायचे म्हणून वाट कड्याच्या अगदी काठानेच जाते, शॉर्टकट मारत नाही. चोर जिथे होडी लावू शकेल अशा प्रत्येक घळीत ती उतरते आणि पलीकडे पुन्हा चढते. दिवसभर तेच. नंतर पहारा बंद पडला, वाट झुडपात गेली, १९६८ मधे लान्यों गावाच्या बाजूला पहिला तुकडा खुणा करून पुन्हा चालता केला. आणि १९७६ चा कायदा आहे, की समुद्रकाठची जमीन खाजगी असली तरी काठाने तीन मीटरची पट्टी चालणाऱ्यांना सोडायचीच. म्हणजे कुणाचा कोट्यवधींचा बंगला आहे आणि त्याच्या कुंपणाखालून आपण मळकी सॅक घेऊन चाललोय. मला फार बरं वाटायचं ते.

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच दिवशी आमचा जो पोपट झाला तो आधी सांगते कारण बाकी सगळ्या ट्रिपवर त्याची छाया आहे.

सां-मालो हे तटबंदीचं गाव. १९४४ च्या ऑगस्टमधे बाँबहल्ल्यात आणि आगीत जवळजवळ सगळं बेचिराख झालं, मग दगड दगड लावून परत उभं केलं, आज तटावरून पावणेदोन किलोमीटरचा फेरा मारता येतो आणि कुणी सांगितलं नाही तर हे परत बांधलेलं आहे हे कळत नाही. गावासमोर समुद्रात ग्रां-बे नावाचं छोटं बेट आहे, तिथे शातोब्रियां या लेखकाची कबर आहे, तिच्यावर नाव नाही काही नाही, नुसता क्रॉस, तोंड समुद्राकडे. ओहोटीला दगडी फरसबंदीवरून चालत जाता येतं. भरतीला ती फरसबंदी पाण्याखाली.

मी भरती-ओहोटीचा तक्ता बघितला होता हो. वेळ लिहून घेतली होती. आणि मग अतिशहाणपणा केला, की तक्ता हिवाळी वेळेचा असणार, आत्ता उन्हाळी वेळ आहे म्हणून एक तास मिळवूया. तक्ता आधीच उन्हाळी वेळेचा होता. तर आम्ही निवांत कबर बघितली, गवतात आडवे झालो, पावणेचारला खाली आलो तर फरसबंदीच्या जागी हिरवं पाणी आणि पलीकडच्या वाळूवर उभे चार फ्रेंच आजोबा दोन्ही हात हलवून नाही नाही करतायत. नवरा म्हणाला गुडघाभर तर आहे, जाऊया. तेवढ्यात बघता बघता मधला एक दगड दिसेनासा झाला. मग नाही गेलो. आणि तेच बरोबर आहे, अडकलात तर बेटावरच थांबायचं, पाण्यात उतरायचं नाही, तिथली भरती चालत येत नाही, पळत येते. रात्री पावणेदहाला वाट उघडी पडली. जूनमधे तिकडे सूर्य दहा वाजता मावळतो म्हणून बरं. सहा तास, एक पाण्याची बाटली आणि शेंगदाणा चिक्कीचं अर्धं पाकीट. आयडी बदलायचा विचार होता, आता नाही बदलत.

त्यानंतर आम्ही हॉटेलात चेक-इन करतानाच पहिला प्रश्न विचारायचो, आज पाणी कधी.

बाकीचा प्रवास पुढच्या प्रतिसादात टाकते, कुकर लावलाय.

कोकण्या_बाव

अहो ताई तक्ता कशाला बघायचा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीन वाजता पूर्ण भरती. माझी आजी शाळेत गेली नव्हती पण मासळीवाल्या होड्या कधी येणार ते पंचांगावरून सांगायची. त्या दिवशी तिथी काय होती सांगा, मी हिशोब करतो.

शेंगदाणेवाली

@कोकण्या_बाव, थांबा बघते. पौर्णिमेच्या दोन दिवस आधीचा दिवस होता. त्रयोदशी.

कोकण्या_बाव

तेरा पाऊणे पावणेदहा. रात्री पावणेदहाला फुल्ल भरती.

शेंगदाणेवाली

अहो पावणेदहाला तर आमची वाट उघडी पडली!! बरोब्बर उलटं!

रेनकर

हा हा. मी रेनमधे राहतो (स्पेलिंगमधे शेवटचे एस वगैरे आहेत, उच्चार नुसता रेन), आठ वर्षं झाली. कोकण्या_बाव, तुमचा हिशोब चूक नाही, फक्त तो कोकणपट्टीपुरता आहे. चंद्र तोच पण भरतीची लाट प्रत्येक किनाऱ्यावर वेगळ्या वेळेला पोचते, मधे जमीन आहे, उथळ समुद्र आहे. तुमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, सां-मालोला उधाणाच्या दिवसांत भरती सकाळ-संध्याकाळ आणि ओहोटी दुपारी. चालणाऱ्याच्या दृष्टीने ते सोयीचंच आहे, सगळ्यात मोठी ओहोटी भर दुपारी मिळते, बेटांवर जायला, वाळूवरून चालायला.

आणि आकडा पण समजून घ्या. मुंबईला उधाणाला पाणी साधारण पाच मीटरच्या आतबाहेर असतं. सां-मालोला मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक बारा मीटरच्या वर जातो. म्हणजे चार मजली बिल्डिंग दिवसातून दोनदा बुडते आणि दोनदा वर येते. इंग्लिश खाडी तिथे फनेलसारखी आवळते आणि पाण्याला जायला जागा राहत नाही म्हणून चढतं.

फ्रान्समधे तक्त्यात वेळेच्या शेजारी एक गुणांक असतो, २० ते १२० च्या दरम्यान. ४० च्या आसपास म्हणजे भांग (भरती-ओहोटीत फरक कमी), ९५ च्या पुढे उधाण (फरक मोठा). वेळेइतकाच तो बघा. गुणांक कमी असेल तर ओहोटीची वेळ असूनसुद्धा काही वाटा नीट उघड्याच पडत नाहीत.

गडवेडा_पुणे

जबरी! फोटो टाका की ताई. आणि हे अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारखंच झालं, ओहोटीला चालत जायचं आणि वेळ चुकली की बसा आत गणपतीपाशी. आमच्या ग्रुपमधला एकजण असाच कंबरभर पाण्यातून मोबाईल डोक्यावर धरून आला होता. मोबाईल वाचला, गाडीची किल्ली गेली.

एक प्रश्न, चढ किती आहे? उंची वगैरे?

रेनकर

ब्रिटनीतला सगळ्यात उंच "पर्वत" रोक-र्यु, मोंत दारे या रांगेत. उंची ३८५ मीटर. हसा.

गडवेडा_पुणे

३८५???? सिंहगड १३१२ आहे. आम्ही दर रविवारी भजी खायला चढतो.

शेंगदाणेवाली

हसू नका हसू नका, मी पण हसले होते. एकेक घळ चाळीस-पन्नास मीटरची, उतरा चढा उतरा चढा, संध्याकाळपर्यंत सिंहगड झालेला असतो आणि वर एकही भजी मिळत नाही.

तर पुढे. दुसऱ्या दिवशी कांकाल. कालवांचं (ऑयस्टरचं) गाव. धक्क्यावर मांडून बसलेले असतात, डझनावर घ्यायचे, लिंबू पिळून तिथेच कठड्यावर बसून खायचे आणि शिंपले खाली किनाऱ्यावर फेकायचे, सगळे फेकतात, खाली शिंपल्यांचा खच. समोर ओहोटीला कालवांच्या वाफ्यांच्या ओळीच्या ओळी उघड्या पडतात आणि त्यांच्यात ट्रॅक्टर फिरत असतात, समुद्राच्या तळावर ट्रॅक्टर, मला ते शेवटपर्यंत विचित्र वाटत राहिलं. नवऱ्याने बारा खाल्ली, मी दोन, तिसऱ्याला धीर झाला नाही. तिथून प्वांत द्यु ग्रुएं या टोकापर्यंत सातेक किलोमीटर चाललो, हवा स्वच्छ असेल तर उजवीकडे लांब मों-सां-मिशेलचा त्रिकोण दिसतो.

दिनां अर्ध्या दिवसात केलं. लाकडी चौकटींची घरं, नदीवरच्या बंदराकडे उतरणारी जेर्झुआल नावाची दगडी गल्ली. छान आहे, पण खूप गर्दी, पुढे चला.

काप फ्रेएल मात्र अहाहा. सत्तर मीटरचे कडे सरळ समुद्रात, वर सगळं माळरान, जांभळट झुडपं आणि पिवळी काटेरी फुलं. त्या पिवळ्या फुलांना अजों म्हणतात, त्यांचा बहर संपत आला होता पण जिथे होती तिथे चक्क ओल्या खोबऱ्याचा वास. मी थांबून थांबून हुंगत होते, नवरा म्हणाला चल आता सोलकढी नाही मिळणार. तिथून चारेक किलोमीटरवर कड्यावरचा किल्ला, त्याचं नाव फोर ला लात. हो, लात. गडवेड्यांनी हा तुकडा चुकवू नये. चौदाव्या शतकातला, दोन चिरांमुळे जमिनीपासून तुटलेल्या खडकावर, दोन उचलते पूल ओलांडून आत, आणि आत तोफगोळे लालबुंद तापवायची भट्टी. तापलेला गोळा लाकडी जहाजात घातला की काम तमाम.

मग ट्रेन-बस करत पेरॉस-गिरेक. इथे गुलाबी दगडाचा किनारा सुरू होतो. पेरॉसच्या चौपाटीवरून प्लुमनाकपर्यंत जेमतेम चार किलोमीटर, आम्हाला पाच तास लागले. ग्रॅनाइट आहे पण रंग अगदी पेरूच्या आतल्यासारखा, आणि वारापाऊस खाऊन खाऊन असे आकार झालेत की कुणी कासव म्हणतं कुणी टोपी. दीपगृह पण त्याच दगडाचं, जुनं जर्मनांनी जाताना उडवलं म्हणून नवं बांधलं. वाळूवर एक छोटीशी देवळी आहे संत गिरेकची, भरतीला पाण्यात उभी असते. लग्न जमावं म्हणून मुली संताच्या लाकडी मूर्तीच्या नाकात सुई टोचायच्या, सुई टिकली तर वर्षात लग्न. टोचून टोचून नाक गेलं, मग मूर्ती दगडी केली, तर तिचं पण नाक गेलेलं आहे.

नीलफुलपाखरू

किती मस्त लिहिताय. दोन प्रश्न. एक, आम्ही पक्के शाकाहारी, उपाशी मरू का? दोन, आईबाबा पण असतील, बाबा ७२, आईचा एक गुडघा बदललेला. त्यांना यातलं काय झेपेल?

खवचट_आजोबा

७२ म्हणजे काही वय नव्हे. आणि नाक नसलेला देव बघायला एवढे युरो घालवून जायची हौस ज्यांना आहे त्यांनी जावं. (ह. घ्या.)

शेंगदाणेवाली

@नीलफुलपाखरू, उपाशी नाही मरणार, पण एकच पदार्थ नऊ दिवस खायची तयारी ठेवा. गालेत. कुट्टूच्या पिठाचं आपलं घावन समजा, फक्त पंचाच्या आकाराचं. पीठ पाणी मीठ, बास. रंग काळपट, कडा कुरकुरीत, आत चीज, मशरूम, कांदा, पालक जे मागाल ते, आणि चौकोनी घडी घालून देतात. मेन्यूवर कोंप्लेत लिहिलेलं असतं त्यात हॅम येतं, ते नको सांगा. गोड हवं असेल तर क्रेप, ती गव्हाची. खारं लोणी सगळीकडे, लोणी बिनमिठाचं असतं हे त्यांना मान्यच नाही. दुआर्नने गावचा क्विन्यामान नावाचा केक आहे, नावाचा अर्थच लोणी-केक, थर थर लोणी आणि साखर, एक खाल्ला की दहा किलोमीटर चालायचं नैतिक बंधन.

आणि सगळ्यात मोठा शोध, ले रिबो. मी सफरचंदाची दारू घेणारी नाही, सीद्र तिथे चहाच्या वाडग्यात देतात, तर काउंटरवरची बाई म्हणाली मग हे घ्या. प्यायले. ताक! शुद्ध ताक! मीठजिरं नव्हतं एवढंच. मी इतकी हसले की तिला वाटलं नासलंय.

रेनकर

शाकाहारींसाठी एक बारीक सूचना. तव्याला (बिलिग म्हणतात) पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी लावतात, आता बऱ्याच ठिकाणी तेल-लोणी असतं पण ज्यांना चालणार नाही त्यांनी आधी विचारावं, कुणी राग मानत नाही.

आईबाबांसाठी माझं मत : किनारा थोडाच करा, प्लुमनाकचा तुकडा आणि सां-मालोचा तट, दोन्हीकडे वाट चांगली आहे, बाकी आतल्या भागात जा. नांत-ब्रेस्त कालवा आहे, ३६४ किलोमीटर, नेपोलियनच्या काळात इंग्रजांनी समुद्र अडवला म्हणून जहाजांना आतून रस्ता हवा होता त्यातून सुरू झालेला. तो पूर्ण होईपर्यंत नेपोलियनही गेला आणि गरजही. १९३० पर्यंत मधे गेर्लेदांचं धरण आलं आणि कालवा तुटलाच. पण काठाने घोड्यांनी होड्या ओढायची जी वाट होती ती पोळपाटासारखी सपाट आहे, झाडांची सावली, कालव्याचे दरवाजे सांभाळणाऱ्या लॉकवाल्यांची छोटी घरं, जोस्लँ गावात राजवाड्याचे तीन बुरूज थेट पाण्यात उतरलेले दिसतात. रोआं घराणं अजून तिथे राहतं. तिथून तासावर गाडीने रोशफोर-आं-तेर, हे फुलांचं गाव. १९०७ मधे आल्फ्रेड क्लोट्स या अमेरिकन चित्रकाराने तिथला वाडा घेतला आणि गावकऱ्यांना खिडकीत जिरेनियम लावायची चटक लावली, स्पर्धा ठेवल्या, ती चटक अजून आहे. फरसबंदी ओबडधोबड आहे, आईंना काठी द्या.

गाडी भाड्याने घ्याच. उन्हाळ्यात किनाऱ्याला बसेस असतात पण रविवारी आणि आतल्या गावांना हाल.

शेंगदाणेवाली

गाडीला +१. आम्ही एका ठिकाणी बसची वाट बघत दीड तास उभे होतो, मग कळलं ती फक्त शाळेच्या दिवशी येते. वेळापत्रकात तळटीप होती म्हणे.

आत एक दिवस आम्ही पण गेलो, ह्युएलग्वातच्या जंगलात. मोठ्ठाले गोल धोंडे एकावर एक, मधून नदी, वर शेवाळ. १९८७ च्या वादळात जंगल आडवं झालं होतं, आता बघून पटत नाही. तिथे एक हलणारा दगड आहे, १३७ टन, नेमक्या कोपऱ्याला पाठ लावून रेटला की डुलतो. नवऱ्याने वीस मिनिटं घाम गाळला. मग एक आठ-नऊ वर्षांची पोरगी आली, म्हणाली मस्यू इथे नाही तिथे, आणि हलवून गेली.

आणि मग लोक्रोनां. हे गाव मी शेवटचं ठेवलं होतं लिहायला.

करड्या ग्रॅनाइटच्या घरांचा एक चौक आणि मधे चर्च, एवढंच गाव. एके काळी इथे जहाजांच्या शिडाचं कापड विणायचे, त्या पैशातून ही घरं झाली, मग धंदा बसला आणि नवीन बांधायला पैसेच नव्हते म्हणून जुनं तसंच राहिलं. गरिबीने राखलेलं गाव. पण मला तिथे धरून ठेवलं ते त्रोमेनी या फेरीने. संत रोनां म्हणून एक आयरिश साधू इथे राहायचा, उपाशीपोटी अनवाणी डोंगराला फेरी घालायचा, त्याच वाटेने गावकरी अजून जुलैमधे फेरी घालतात. दरवर्षी छोटी, सहा किलोमीटरच्या आसपास, आणि दर सहा वर्षांनी मोठी, बारा किलोमीटरची, बारा थांबे. मोठीची वाट एरवी नसतेच, शेतांतून जाते, लोक त्या वेळेपुरती शेतं मोकळी करतात. वाटेवर डहाळ्यांच्या खोप्या बांधून आजूबाजूच्या गावांचे संत आणून बसवतात, चालणारा पाया पडून पैसे टाकून पुढे. झेंडे, घंटा, सगळ्यात मागून म्हाताऱ्या. मोठी गेल्या वेळी २०२५ मधे झाली, आम्हाला काही ती बघायला मिळाली नाही. पण चौकातल्या दुकानातल्या बाईंनी हे सगळं सांगितलं, त्यांनी आयुष्यात आठ मोठ्या केल्यात, आता गुडघे नाहीत म्हणाल्या, पुढच्या वेळी खोपीत बसून घंटा वाजवीन. मला एकदम माझी मोठी आत्या आठवली, वारी सुटली तेव्हा दिवेघाटाच्या पायथ्याशी पाणी वाटायला बसायची.

कोकण्या_बाव

वाचून गप्प झालो ताई.

रेनकर

छान लिहिलंत. याच पठडीतलं अजून एक, त्रो ब्रेझ. ब्रिटनीच्या सात आद्य संतांची सात गावं, सां-मालो, दोल, सां-ब्रियो, त्रेगिए, सां-पोल-द-लेओं, कँपेर, वान. सगळी पायी जोडायची, सहाशेच्या वर किलोमीटर. जुनी समजूत अशी की प्रत्येकाने आयुष्यात एकदा करायचीच, नाही केली तर मेल्यावर करावी लागते, आणि तेव्हा वेग काय, तर दर सात वर्षांनी शवपेटीच्या लांबीइतकं पुढे.

खवचट_आजोबा

हा वेग मला ओळखीचा वाटतो. आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचा.

रेनकर

त्या सातांपैकी त्रेगिएला संत ईव्ह आहे, तेराव्या शतकातला वकील-न्यायाधीश, गरिबांच्या केसेस फुकट चालवायचा, म्हणून वकिलांचा संत. मेच्या तिसऱ्या रविवारी त्याची मिरवणूक निघते आणि कुठून कुठून वकील काळे डगले घालून चालतात. मी एकदा पाहिलीय.

गडवेडा_पुणे

कुणी कार्नाकला गेलंय का? कारण २०२५ च्या जुलैमधे युनेस्कोच्या ज्या बैठकीत आपले बारा किल्ले जागतिक वारशात गेले त्याच बैठकीत कार्नाकचे दगड पण गेले. मी त्या दिवशी यादी रिफ्रेश करत बसलो होतो म्हणून लक्षात आहे. राजगड आणि मेनहीर एकाच बॅचचे!

रेनकर

बरोबर. तीन हजारांच्या आसपास उभे दगड, ओळींमागे ओळी, किलोमीटरच्या किलोमीटर, सहा-साडेसहा हजार वर्षांपूर्वीपासूनचे. मेन म्हणजे दगड, हीर म्हणजे लांब. का उभे केले यावर भांडणं चालू आहेत, गावकऱ्यांचं उत्तर मात्र तयार आहे, संत कोर्नेलीच्या मागे लागलेले रोमन सैनिक, त्याने वळून बघितलं आणि दगड झाले. उन्हाळ्यात ओळींच्या आत गाइडबरोबरच सोडतात, गवत आणि माती तुडवली जाऊन दगड उघडे पडायला लागले होते म्हणून. कुंपणाबाहेरून मेनेक ते केर्लेस्कां चाला, तेवढं पुरतं. हिवाळ्यात आत मोकळं फिरता येतं.

पाट्या वाचायची एक किल्ली देऊन ठेवतो : केर म्हणजे वाडी, वस्ती. प्लू म्हणजे पॅरिश, मोठं गाव. पेन म्हणजे डोकं, टोक. मोर म्हणजे समुद्र, बिहान म्हणजे छोटा, म्हणून मोर्बिहान. दोन दिवसांत नकाशा बोलायला लागतो.

खवचट_आजोबा

आता थट्टा पुरे. मी मर्चंट नेव्हीत तीस वर्षं काढली. हा किनारा मी जमिनीवरून कधी पाहिला नाही, नेहमी समुद्रातून, आणि बहुतेक वेळा रात्री. पश्चिमेच्या टोकाला अशंट बेट (फ्रेंच उएसां), तिथून जहाजं इंग्लिश खाडीत वळतात. फ्रेंच खलाशांत म्हण आहे, ज्याने उएसां पाहिलं त्याने आपलं रक्त पाहिलं. धुकं, खडक आणि असा प्रवाह की इंजिन पुढे आणि जहाज बाजूला.

१९७८ च्या मार्चमधे अमोको कादिझ हा टँकर पोर्सालच्या खडकांवर गेला, सुकाणू बिघडलं होतं. दोन लाख वीस हजार टनांहून जास्त कच्चं तेल. आम्ही तेव्हा आखाताकडे चाललो होतो, रेडिओवर ऐकलं, त्या रात्री मेसमधे कुणी पत्ते काढले नाहीत. त्याचा नांगर पोर्सालच्या धक्क्यावर ठेवलाय असं वाचलंय. ताई, तुमच्या वाटेवर आला का?

शेंगदाणेवाली

आजोबा, नाही हो, आम्ही तो तुकडा केला नाही. पुढच्या वेळी जाऊ तेव्हा बघून फोटो नक्की टाकते तुमच्यासाठी.

शेवटच्या दिवशी प्वांत द्यु रा पर्यंत गेलो होतो, जमीन संपते तिथे. समोर ला व्हिएय दीपगृह आणि पाणी अक्षरशः उकळतं. अलीकडे प्लोगॉफ गाव लागतं.

कोकण्या_बाव

प्लोगॉफ! ते नाव आमच्याकडे माहिती आहे. तिथे अणुवीज प्रकल्प येणार होता ना? आमच्या जैतापूरला फ्रेंच अणुभट्ट्या आणायचं ठरलं तेव्हा सभेत एकाने सांगितलं होतं की खुद्द फ्रान्समधे असं एक गाव आहे.

रेनकर

हो तेच. १९८० च्या सुरवातीला सहा आठवडे रोज पोलीस विरुद्ध गाव, बायका सगळ्यात पुढे, पोरं गलोल घेऊन. १९८१ मधे मितराँ निवडून आला आणि प्रकल्प रद्द झाला. आज तिथून चालताना काहीच दिसत नाही, नुसता माळ. आणि जैतापूरबद्दल इथे सुरू नका करू प्लीज, धागा वाहून जाईल.

कोकण्या_बाव

नाय करत. पण मी तो माळ बघायला जाणार.

गडवेडा_पुणे

सां-मालोचा सुर्कूफ राहिला, सरकारी परवान्याने शत्रूची जहाजं लुटणारा कप्तान. बंगालच्या उपसागरात घुसून १८०० मधे त्याने कंपनीचं केंट जहाज पकडलं, त्याच्याहून कितीतरी मोठं. तटापाशी पुतळा आहे ना त्याचा?

रेनकर

आहे, हात समुद्राकडे केलेला. पण तो गुलामांचा व्यापारही करायचा, तेही सांगायला हवं. आणि लोरियां हे शहरच फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजबांधणीतून झालं, नाव पूर्वेवरूनच. समोर पोर-लुईच्या किल्ल्यात कंपनीचं म्युझियम आहे, भारतातून गेलेलं छापील सुती कापड बघायला मिळतं. पाऊस पडला तर तिथे जा. म्हणजे जालच.

नीलफुलपाखरू

पाऊस किती पडतो?

रेनकर

इथले लोक म्हणतात ब्रिटनीत हवा छान असते, दिवसातून चार-पाच वेळा.

शेंगदाणेवाली

खरं आहे. छत्री नका नेऊ, वारा तिचं फूल करतो, चांगलं जाकीट न्या. मे-जून किंवा सप्टेंबर. ऑगस्टमधे अख्खा फ्रान्स तिथे असतो. आणि रोज बॅग उचलून पुढच्या गावी हे करू नका, आम्ही चौथ्या दिवशी कंटाळलो. दोन-तीन गावं धरा, तिथेच राहा, आणि एकच वाट सकाळी भरतीला आणि दुपारी ओहोटीला अशी दोनदा चाला. शपथ सांगते, ती वाट एकच वाटत नाही.

नीलफुलपाखरू

सप्टेंबर पक्का करतेय मग. ग्रां-बेला आईबाबांना नेऊ ना?

रेनकर

न्या. ओहोटीच्या आधी दीड तास निघा आणि ओहोटीची वेळ झाली की परत फिरा. तक्त्यात काहीही मिळवू नका.

शेंगदाणेवाली

रेनकर, कळलं हो.

नवरा मागे उभा राहून वाचतोय. म्हणतोय त्या दिवशी चिक्की त्याच्या सॅकमधे होती, तुझ्या नाही, हे लिही. लिहिलं.